टाके सुकले, दुखणं राहिलं: शस्त्रक्रियेनंतरच्या चिवट वेदनेचा मशीन लर्निंगने अंदाज कसा बांधायचा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झालेल्या एका बाईंना फॉलोअपचा फोन लावला होता. "० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे सहनच होत नाही. तर तुमचं दुखणं किती?" बाई म्हणाल्या, "शून्यच लिहा ताई, दुखत नाही काही. फक्त ब्लाऊजची शिवण काखेत लागली की आग होते, म्हणून घरी गाऊनच घालते." फोन करणाऱ्या मुलीने एक्सेलमध्ये ० टाकलं आणि पुढचा नंबर फिरवला.

ते शून्य चुकीचं होतं. कपड्याच्या साध्या स्पर्शाने आग होणं हे नस दुखावल्याचं लक्षण आहे, आणि बाईंनी त्यापायी कपडे बदलले होते. एकदा तक्त्यात ० बसलं की पुढे कितीही हुशार अल्गोरिदम आणा, तो त्या चुकीच्या शून्यावरच शिकतो. मी भूलतज्ज्ञ आहे, प्रोग्रामर नाही. या विषयात हात घालताना मला वाटलं होतं की अवघड भाग संगणकाचा असेल. अवघड भाग हा फोन निघाला. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: बराचसा फोनच्या अलीकडचा, थोडा संगणकाचा, आणि शेवटी त्या अंदाजाचं करायचं काय याचा. थीसिससाठी विषय शोधणारे रेसिडेंट, सर्जन, पेन क्लिनिक चालवणारे आणि हॉस्पिटलच्या डेटावर काम करायला निघालेले इंजिनिअर डोळ्यांपुढे आहेत. उदाहरण मुद्दाम एकच घेतलंय, स्तनाच्या शस्त्रक्रियेचं. मशीन लर्निंगचे, म्हणजे जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवण्याचे, गंभीर प्रयत्न तिथे झाले आहेत आणि फसण्याच्या जागाही तिथे सगळ्या सापडतात.

दुखणं किती जणांचं राहतं

१९९८ साली क्रोम्बी, डेव्हिस आणि मॅक्रे यांनी स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या दहा पेन क्लिनिकमध्ये आलेल्या ५,१३० रुग्णांची पाहणी छापली. त्यातल्या २२.५ टक्के रुग्णांच्या जुनाट दुखण्यामागे आधीची शस्त्रक्रिया हे एक कारण होतं. तोवर 'जखम भरली की दुखणं थांबतं' असंच सगळे धरून चालत. २००६ मध्ये केलेट, जेन्सन आणि वूल्फ यांनी 'लॅन्सेट'मध्ये आकडे एकत्र मांडले: जांघेतला (इंग्वायनल) हर्निया आणि सिझेरियननंतर सुमारे १० टक्के, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर २० ते ३०, छाती उघडल्यावर ३० ते ४०, हात-पाय कापावा लागल्यावर ३० ते ५० टक्के. डेन्मार्कमधल्या, २००९ साली छापलेल्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३,२५३ स्त्रियांनी प्रश्नावली भरून पाठवली, त्यात ४७ टक्के स्त्रियांनी दुखतंय असं सांगितलं. त्या दुखणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांचं दुखणं तीव्र होतं, जवळपास निम्म्यांचं सौम्य.

२० टक्के की ४७ टक्के? दोन्ही खरे. कुठल्या महिन्यात विचारलं, कसं विचारलं आणि किती दुखलं म्हणजे 'दुखतंय' धरलं, यावर आकडा हलतो. तुमचं मॉडेल, म्हणजे नोंदींवरून शिकलेलं अंदाजाचं सूत्र, तेही तसंच हलेल. म्हणून पहिलं काम प्रश्न पक्का करण्याचं.

पायरी पहिली: अंदाज कधी, कुणासाठी, कशासाठी

'शस्त्रक्रियेनंतर जुनाट वेदना होईल का' हा प्रश्न दिसतो एक, पण आत तीन आहेत. शस्त्रक्रियेआधी भूलपूर्व तपासणीच्या ओपीडीत विचारला तर हाताशी फक्त वय, वजन, आधीचं दुखणं, मनःस्थिती आणि ठरलेली शस्त्रक्रिया असते. डिस्चार्जच्या दिवशी विचारला तर पहिल्या काही दिवसांचं दुखणं आणि सर्जनने आत प्रत्यक्ष काय केलं हेही कळलेलं असतं. दोन आठवड्यांनी टाके पाहताना विचारला तर आणखी माहिती, पण हस्तक्षेपाला वेळ कमी. तिन्हींसाठी मॉडेल वेगळं होतं. यातला एकच क्षण निवडा आणि कागदावर लिहा. मी डिस्चार्जचा निवडेन, कारण पहिल्या दिवसांतलं दुखणं हा फार बोलका धागा आहे. २०१५ साली छापलेल्या एका युरोपीय अभ्यासात पहिल्या २४ तासांतला तीव्र वेदनेत गेलेला वेळ १० टक्क्यांनी वाढला की वर्षभरानंतरच्या जुनाट वेदनेचं प्रमाण ३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं.

आता दुसरा, कडू प्रश्न. धोका जास्त निघाला तर करणार काय? 'सगळ्यांना गॅबापेंटिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध)' हे उत्तर आता चालत नाही. २०२० मध्ये व्हेरे आणि सहकाऱ्यांनी २८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. या गटातल्या औषधांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत रुग्णाला जाणवेल असा फरक पडत नाही, जुनाट वेदनाही टळत नाही, गरगरणं मात्र वाढतं. 'ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला की झालं' हेही तितकं सरळ नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या २,१०८ स्त्रियांच्या चाचणीत पॅराव्हर्टेब्रल (कण्याशेजारचा) ब्लॉक आणि प्रोपोफॉल (शिरेतून द्यायची भूल) मिळालेल्यांची तुलना सेव्होफ्लुरेन (हुंगवायची भूल) आणि ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं) मिळालेल्यांशी केली होती. सहा महिन्यांनी जखमेच्या जागी दुखणाऱ्या स्त्रिया दोन्ही गटांत ५२ टक्के, वर्षाने २८ आणि २७ टक्के.

मग अंदाजाचा उपयोग काय? माझं मत असं की सध्या तरी तो लक्ष वाटून देण्यासाठी आहे. टोरंटो जनरल हॉस्पिटलने २०१४ मध्ये 'ट्रान्झिशनल पेन सर्व्हिस' सुरू केली: धोका जास्त असलेल्या रुग्णाला डिस्चार्जनंतर लवकर बोलवायचं, औषधं वेळेत कमी करायची, फिजिओथेरपी आणि मानसोपचाराचा हात द्यायचा. आपल्याकडे एका पेन फिजिशियनच्या वाट्याला आठवड्यात दहा जादा अपॉइंटमेंट असतील, तर त्या कुणाला द्यायच्या हे ठरवणारं मॉडेल कामाचं आहे. अशी अपॉइंटमेंट देण्याची सोयच नसेल तर मॉडेल बनवू नका, आधी ती ओपीडी सुरू करा.

पायरी दुसरी: 'दुखणं' नावाचा स्तंभ

आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०१९ साली मंजूर होऊन जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक वर्गीकरणात, शस्त्रक्रियेनंतरच्या जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली. व्याख्या थोडक्यात अशी: दुखणं शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेलं किंवा वाढलेलं हवं, जखम भरण्याच्या काळापलीकडे म्हणजे किमान तीन महिने टिकलेलं हवं, शस्त्रक्रियेच्या जागी किंवा त्या नसेच्या टापूत हवं, आणि जंतुसंसर्ग किंवा कर्करोग परतणं अशी दुसरी कारणं वगळलेली हवीत.

स्तनाच्या बाबतीत 'तीन महिने' अडचणीचे आहेत. पुष्कळ स्त्रियांची तेव्हा केमोथेरपी चालू असते, त्यानंतर रेडिएशन. टॅक्सेन गटातल्या औषधाने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, रेडिएशनने कातडी भाजते, आणि फोनवर दोन्हींचं उत्तर 'हो, दुखतंय' असंच येतं. म्हणून मुख्य नोंद सहाव्या किंवा बाराव्या महिन्याची धरा, तिसऱ्याची जोडीला ठेवा. आणि जागा विचारा. ओपीडीत शरीराच्या चित्रावर रुग्णाकडून खूण करून घ्या. फोनवर असाल तर 'ऑपरेशनच्या बाजूची काख, छाती, दंडाची आतली बाजू' असं एकेक नाव घेऊन विचारा. दोन्ही हातांची बोटं म्हणाल्या तर ती नोंद वेगळ्या स्तंभात.

आता शब्द. इथे मराठी आपल्याला फार देते आणि आपण ते वाया घालवतो. 'वेदना' हा शब्द फोनवर बहुतेक बायका वापरत नाहीत. त्या म्हणतात ठणका लागतो, ठसठसतं, कळ येते, चमक मारते, सलतं, चुरचुरतं, हुळहुळतं, ओढ बसते, हात भरून येतो, रग लागते, बधिर वाटतं. यांत नसेच्या दुखण्याचे आणि स्नायूच्या दुखण्याचे शब्द जवळजवळ आपोआप वेगळे पडतात. नसेचं दुखणं ओळखायची डीएन-४ ही दहा प्रश्नांची मोजपट्टी आहे. दहापैकी चार 'हो' आले तर नसेचा संशय धरायचा. त्यातले सात प्रश्न रुग्णाला विचारायचे असतात: आग, गारठ्याने झोंबावं तसं दुखणं, विजेसारखी चमक, मुंग्या, सुया टोचणं, बधिरपणा, खाज. उरलेले तीन तपासून पाहायचे. फोनवर फक्त हे सात विचारता येतात आणि तिथे कटऑफ तीनचा असतो. अडचण 'मुंग्या' आणि 'सुया' यांची. इंग्रजीतले दोन वेगळे प्रश्न मराठीत एकमेकांत मिसळतात, एकीला दोन्हीला 'हो' म्हणावंसं वाटतं, दुसरीला एकालाच. मोजपट्टीचं प्रमाणित मराठी रूप मिळालं तर तेच वापरा, नाहीतर दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याकडून उलट भाषांतर आणि वीसेक रुग्णांवर चाचणी एवढं तरी करा. परवानगी लागणाऱ्या प्रश्नावल्यांची परवानगी आधी घ्या.

आकडा विचारताना 'सध्या किती दुखतं' एवढ्यावर थांबू नका. बसल्या जागी किती, हात वर करून फडताळातला डबा काढताना किती, कपडा लागल्यावर किती, असे तीन आकडे घ्या. शिवाय एक प्रश्न माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी: "दुखतं म्हणून तुम्ही काय करायचं सोडलंत?" धुणं, वेणी घालणं, त्या कुशीवर झोपणं, गर्दीची बस. वरच्या बाईंचं उत्तर इथे सापडलं असतं.

फोन कुणी उचलला हेही लिहा. नंबर बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि 'हो, बरी आहे आता' हे उत्तर तोच देतो. ते उत्तर ० म्हणून धरायचं नाही. 'स्वतः बोलल्या नाहीत' असा वेगळा संकेत ठेवायचा आणि दुपारी पुन्हा फोन करायचा.

शेवटी उंबरठा. हालचालीच्या वेळी ४ किंवा जास्त म्हणजे 'आहे', त्याखाली 'नाही', असं काहीतरी ठरवावं लागेल. कुठलाही घ्या, पण डेटा पाहण्याआधी घ्या आणि तारीख घालून लिहून ठेवा. नंतर ३ करून पाहिलं, ५ करून पाहिलं आणि ज्याने मॉडेल छान दिसतं ते ठेवलं, ही या क्षेत्रातली सगळ्यात सोपी चोरी आहे.

पायरी तिसरी: कुठली माहिती गोळा करायची

यादी लांब करायचा मोह आवरा. स्पेनमध्ये हर्निया, गर्भाशय काढणं आणि छातीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर मोंतेस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सहा घटकांचं मॉडेल दिलं: कुठली शस्त्रक्रिया, वय, शारीरिक आरोग्य, मानसिक आरोग्य, शस्त्रक्रियेच्या जागी आधीपासून दुखणं, आणि दुसरीकडे कुठे दुखणं. सहाही गोष्टी शस्त्रक्रियेआधी, नुसत्या विचारून कळतात. त्याच गटाने आधी जनुकीय खुणाही तपासल्या होत्या. त्यांनी काही हाती लागलं नाही. फिनलंडमध्ये मेरेटोया आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये खास स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी बनवलेल्या साधनात जागेवरचं आधीचं दुखणं, वजन-उंचीचं गुणोत्तर (बीएमआय), काखेतल्या गाठी काढणं आणि सातव्या दिवसाचं दुखणं हे घटक टिकले.

तेव्हा एवढं घ्या: वय, बीएमआय, जागेवरचं आणि इतरत्रचं आधीचं दुखणं, आधीची वेदनाशामकं, झोप, चिंता आणि नैराश्याची एक छोटी मोजपट्टी, दुखण्याचा बाऊ करण्याची प्रवृत्ती मोजणारी तेरा प्रश्नांची पीसीएस, शस्त्रक्रियेचा प्रकार, काखेत किती काम झालं, आणि इंटरकोस्टोब्रेकिअल नर्व्ह, म्हणजे काख आणि दंडाच्या आतल्या बाजूची नस, वाचवली की कापली. हा शेवटचा मुद्दा ऑपरेशन नोटमध्ये क्वचितच असतो. त्यासाठी सर्जनच्या मागे लागावं लागतं. आम्ही शेवटी ओटीत भिंतीवर एक टिकमार्कचा कागद चिकटवला, तेव्हा जमलं.

'बाऊ' या शब्दाबद्दल एक वाक्य. कागदावर चालतो, रुग्णासमोर नाही. तिच्या आईचं याच आजारात काय झालं हे तिने पाहिलेलं असतं.

वॉर्डातल्या वेदनेच्या नोंदीवर डोळे झाकून विश्वास नको. रात्री तीन वाजता सिस्टरने चौघींच्या चार्टवर एकदम २, २, २, २ लिहिलेलं असतं. निवडलेल्या वेळी, निवडलेल्या माणसाने, खोल श्वास आणि हात उचलायला लावून विचारलेला एक आकडा अशा वीस आकड्यांपेक्षा मोलाचा.

पायरी चौथी: किती रुग्ण लागतील

इथे पुष्कळ थीसिस मरतात. एकूण रुग्णांपेक्षा दुखणं टिकलेले रुग्ण किती, यावर मॉडेलची ताकद ठरते. समजा २५ टक्क्यांचं दुखणं टिकतं आणि तुमच्याकडे मॉडेलमध्ये घालायच्या १० गोष्टी आहेत. रायली आणि सहकाऱ्यांच्या सूत्राने, मॉडेलची स्पष्टीकरणशक्ती (रुग्णारुग्णांतला फरक ते किती उलगडतं) शक्य त्या कमालीच्या १५ टक्के धरली आणि अतिफिटिंग, म्हणजे हाताशी असलेल्या डेटाचीच घोकंपट्टी, १० टक्क्यांच्या आत ठेवायचं म्हटलं, तर सुमारे ८५० रुग्ण लागतात. म्हणजे दुखणाऱ्या दोनशेच्या वर. हे गणित 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या 'पीएमसॅम्पसाइझ' या पॅकेजने दोन मिनिटांत होतं. रुग्ण निम्मेच मिळणार असतील तर गोष्टी १० वरून ५ करा. आणि सूत्रातला आकडा फॉलोअप पूर्ण झालेल्यांचा असतो. फोन न लागणारे त्यात वरून मिळवा.

हे साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनचं, म्हणजे प्रत्येक घटकाला एक भार देऊन 'हो'ची संभाव्यता काढणाऱ्या पद्धतीचं, गणित आहे. रँडम फॉरेस्ट, न्यूरल नेटवर्क अशा मशीन लर्निंगच्या गुंतागुंतीच्या पद्धतींची भूक याहून कितीतरी मोठी. २०१४ मध्ये व्हॅन डर प्लूख, ऑस्टिन आणि स्टायरबर्ग यांनी दाखवलं की अशा पद्धतींना स्थिर व्हायला प्रत्येक घटकामागे २०० पेक्षा जास्त घटना (आपल्याकडे, दुखणं टिकलेले रुग्ण) लागू शकतात. एका हॉस्पिटलच्या दोन वर्षांच्या यादीवर डीप लर्निंग (अनेक थरांचं न्यूरल नेटवर्क) लावू म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पायरी पाचवी: तक्ता साफ करताना

माहिती नसणं आणि उत्तर 'नाही' असणं या वेगळ्या गोष्टी. रिकाम्या चौकटीत ० भरू नका. रिकाम्या जागा का रिकाम्या आहेत ते पाहा: ज्यांचा फोन लागला नाही त्या बहुधा लांबच्या, वयस्कर, किंवा बऱ्या होऊन कामाला लागलेल्या असतात. त्यांना गाळून टाकलं तर मॉडेल फक्त फोन उचलणाऱ्यांचं होतं. रिकामे घटक बहुविध इम्प्युटेशनने (बाकीच्या नोंदींवरून अंदाज बांधून, तेही अनेकदा) भरा, पण ते काम मॉडेल ज्यावर शिकतं त्या प्रशिक्षणाच्या भागातच करा, सगळा डेटा एकत्र घेऊन नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे भविष्य आधीच फुटणं. आमच्या पहिल्या मॉडेलचे आकडे इतके सुंदर आले की दोन दिवस आम्ही खूश होतो. मग कळलं की औषधांच्या स्तंभात दीड महिन्याच्या फॉलोअपला लिहिलेलं प्रीगॅबालिनही (गॅबापेंटिनच्याच गटातलं औषध) आलं होतं. दुखतंय म्हणून डॉक्टरने जे लिहिलं, त्यावरून आम्ही 'दुखणार' असा अंदाज बांधत होतो! फिजिओथेरपीला पाठवणं, ओपीडीच्या फेऱ्यांची संख्या, प्रत्यक्ष दिलेलं रेडिएशन, यांचंही तेच. प्रत्येक स्तंभापुढे 'ही गोष्ट कुठल्या दिवशी कळली' हे लिहा. डिस्चार्जनंतरची तारीख असेल तर तो स्तंभ बाहेर.

पायरी सहावी: मॉडेल

ही पायरी लहान आहे. पायथनमधलं सायकिट-लर्न हे पॅकेज पुरेसं आहे. रिकाम्या जागा भरणं, आकडे एका मापात आणणं आणि मॉडेल हे सगळं एकाच 'पाइपलाइन'मध्ये बांधा, म्हणजे क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (डेटाचे भाग पाडून आळीपाळीने एकेका भागावर परीक्षा घेण्याच्या) प्रत्येक फेरीत ते नव्याने शिकलं जातं. सुरुवात दंड लावलेल्या, म्हणजे भार फुगू न देणाऱ्या, लॉजिस्टिक रिग्रेशनने करा, रिज किंवा लॅसो. वय, बीएमआय आणि वेदनेचे आकडे तोडून 'कमी-मध्यम-जास्त' करू नका. सलग ठेवा, वक्र हवा असेल तर स्प्लाइन घाला. मग तुलनेला रँडम फॉरेस्ट आणि ग्रेडियंट बूस्टिंग. त्यांचे खुंटे (सेटिंग) पिळायचे असतील तर नेस्टेड, म्हणजे एकात एक, क्रॉस-व्हॅलिडेशन वापरा, नाहीतर ज्या पेपरचा सराव केला त्याच पेपरवर परीक्षा दिल्यासारखं होतं.

बहुतेक वेळा साधं मॉडेल बरोबरीला येईल. २०१९ मध्ये क्रिस्टोडुलू आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय अंदाजांचे ७१ अभ्यास तपासले. नीट केलेल्या तुलनांमध्ये मशीन लर्निंगला लॉजिस्टिक रिग्रेशनवर आघाडी नव्हती. तसं झालं तर निमूटपणे साधं मॉडेल घ्या. ते कागदावर छापता येतं.

दुखणाऱ्या कमी आणि न दुखणाऱ्या जास्त म्हणून स्मोट (कमी असलेल्या गटाच्या नकली नोंदी तयार करणारी पद्धत) वगैरे वापरून कृत्रिम समतोल साधू नका. त्याने संभाव्यता फुगतात: खरा धोका १५ टक्के असलेल्या बाईला मॉडेल ४० टक्के सांगतं. किती टक्क्यांवर 'धोका जास्त' म्हणायचं हा उंबरठा हलवायचा असेल तर सरळ हलवा.

पायरी सातवी: मोजणी

लोक एयूसी (दुखणं टिकणारीला मॉडेल न टिकणारीच्या वर किती वेळा ठेवतं; ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे अचूक) सांगतात आणि थांबतात. मोंतेस यांच्या मॉडेलचा तो सुमारे ०.७३ होता, आणि या विषयात हा आकडा लाजिरवाणा नाही. पण एयूसी फक्त क्रम सांगतो. ज्यांना ३० टक्के धोका सांगितला त्यांतल्या खरोखर ३० टक्के बायकांचं दुखणं टिकलं का, हे कॅलिब्रेशनचा आलेख सांगतो. तो काढा, आणि त्याची रेघ कुठे वाकते ते पाहा. लहान डेटावर मॉडेल हमखास अतिउत्साही असतं, कमी धोका फार कमी आणि जास्त धोका फार जास्त सांगतं.

मग हाडामासाचा हिशोब करा. समजा २०० स्त्रिया, त्यातल्या ५० जणींचं दुखणं टिकणार. संवेदनशीलता (टिकणाऱ्यांपैकी किती पकडल्या) ७० टक्के, विशिष्टता (न टिकणाऱ्यांपैकी किती बरोबर सोडल्या) ७० टक्के. मॉडेल ८० जणींवर बोट ठेवेल: ३५ खऱ्या, ४५ उगाच. उरलेल्या १२० मध्ये १५ जणी सुटतील. म्हणजे 'धोका आहे' हे ऐकलेल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांचं दुखणं टिकणार नाही, आणि 'धोका कमी' ऐकलेल्या आठांतल्या एकीचं टिकेल. हेलसिंकीच्या स्त्रियांवर लोत्श, काल्सो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मशीन लर्निंगच्या कामातही असंच निघालं. त्यांच्या २०१८ च्या लेखाच्या मथळ्यातच दुखणं टिकणार नाही हे अचूक सांगता येतं असा दावा आहे. टिकेल हे सांगणं त्याहून अवघड. एक सावधगिरी: काही न करता 'कुणाचंच टिकणार नाही' म्हटलं तरी आपल्या उदाहरणात ७५ टक्के वेळा बरोबर ठरतो. तेव्हा 'धोका कमी' म्हटलेल्यांत मॉडेल ८७.५ टक्के वेळा बरोबर, हे ऐकून टाळ्या नकोत, ७५ वरून ८७.५ एवढीच कमाई आहे.

ही कमाई पुरेशी आहे का, हे डिसिजन कर्व्हने (फायद्यातून उगाच बोलावण्याची किंमत वजा करणाऱ्या आलेखाने) बघतात. वरचाच हिशोब २० टक्के धोक्याच्या उंबरठ्यावर मांडा. खरी सापडलेली प्रत्येक बाई एक गुण देते, उगाच बोलावलेली प्रत्येक बाई पाव गुण (२० भागिले ८०) खाते: ३५ वजा ४५ चे पाव, म्हणजे २०० मागे जवळपास २४ गुण. सगळ्यांनाच बोलावलं असतं तर ५० वजा १५० चे पाव, साडेबारा. तेव्हा इथे मॉडेल जिंकतं. तुमच्या आकड्यांत ते 'सगळ्यांना बोलवा'पुढे हरलं, तर सगळ्यांना बोलवणंच शहाणपणाचं.

पायरी आठवी: गावाबाहेर

आपल्या घरच्या ताटावर मॉडेल गुणी असतंच. मेरेटोया यांचं साधन फिनलंडमध्ये तयार झालं, पण डेन्मार्क आणि स्कॉटलंडच्या रुग्णांवर तपासून मग छापलं गेलं. या क्षेत्रात एवढा संयम विरळा. तुमच्याकडे दुसरं हॉस्पिटल नसेल तर निदान पुढच्या वर्षाच्या रुग्णांवर तपासा. परदेशी साधन इथे आणणार असाल तर तीन गोष्टी आधी बघा: आपल्याकडे अख्खं स्तन काढण्याचं आणि काखेत खोल जाण्याचं प्रमाण, बीएमआयचा पसारा, आणि सातव्या दिवशी रुग्ण असते कुठे. पुष्कळदा ती गावी पोहोचलेली असते आणि 'सातव्या दिवसाचं दुखणं' पुन्हा एका फोनवर येऊन ठेपतं. बहुतेकदा घटकांचे भार तसेच ठेवून फक्त मूळ धोक्याची पातळी आपल्या आकड्यांवर बसवली तरी बरंच सुधारतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: एथिक्स कमिटीची मंजुरी डेटाला हात लावण्याआधी, संमतीपत्रात फोन करणार आणि संगणकाने अंदाज बांधणार हे साध्या मराठीत, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२३ ची एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वं आणि त्याच वर्षीचा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा एकदा वाचून, नावं आणि नंबर असलेली फाइल वेगळी, कुलपात. व्हॉट्सॲपवरून एक्सेल फिरवायचं नाही. लिहिताना २०२४ ची ट्रायपॉड प्लस एआय ही, अशा मॉडेलच्या अभ्यासात काय काय नोंदवायचं याची, २७ कलमांची यादी पुढे ठेवा, आणि ती काम सुरू करण्याआधी वाचलीत तर अर्ध्या चुका होणारच नाहीत.

पायरी नववी: रुग्णाला काय सांगायचं

सुरुवातीचे काही महिने काहीच सांगू नका. मॉडेल मागे चालू ठेवा, अंदाज बंद लिफाफ्यात, आणि सहा महिन्यांनी उघडून पाहा. ते जमलं तर पुढे.

'शॅप'चे (अंदाजात कुठल्या घटकाचा किती वाटा हे दाखवणारे) रंगीत आलेख दाखवून "तुमचं वजन जास्त म्हणून दुखेल" असं कुणाला म्हणू नका. मॉडेलने वजन वापरलं याचा अर्थ वजन हे कारण आहे असा होत नाही, आणि बाईला आजाराच्या वर हे ओझं कशाला? "तुम्हाला दुखत राहणार" हेही नको. दुखण्याची वाट पाहायला लावलं की दुखणं येतं, हे प्रत्येक भूलतज्ज्ञाने सुई टोचताना पाहिलेलं असतं. आम्ही म्हणतो: "काही जणींना काखेत आग, मुंग्या असं थोडे दिवस राहतं. तुमच्यासाठी दोन आठवड्यांनी एक जादा भेट ठेवलीय. तोवर कपडा लागून त्रास झाला, झोप मोडली, तर या नंबरवर फोन करा." टक्केवारी विचारली तरच सांगतो, आणि मग दोन्ही बाजूंनी: तुमच्यासारख्या शंभर जणींत साधारण चाळीस जणींचं राहतं, साठ जणींचं राहत नाही.

ज्यांना 'धोका कमी' निघाला त्यांच्या कार्डावरही तोच फोन नंबर छापा. वरच्या हिशोबातल्या त्या सुटलेल्या पंधरा जणी तिथूनच येतील.

आणि दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशनचा आलेख पुन्हा काढा. सर्जन बदलतो, ब्लॉक देण्याची पद्धत बदलते, नर्व्ह वाचवण्याची सवय लागते. तुमच्या जादा भेटींचा खरोखर उपयोग झाला तर त्यामुळेच धोका जास्त सांगितलेल्या बायकांचं दुखणं कमी होईल आणि मॉडेल 'चुकायला' लागेल. म्हणून जादा भेट कुणाला मिळाली, हा स्तंभ पहिल्या दिवसापासून भरायचा.